दोन आकड्यांचा पट्टा

सोमवार, ४ तारीख

धाकट्या,

तुझं पार्सल पोचलं. आत चिठ्ठी नव्हती, बाहेर नाव नव्हतं, पण गाठ बघून मी ओळखलं. सुतळीला अशी उलटी गाठ मारणारा आपल्या घरात तू एकटाच. लहानपणी बुटाच्या नाड्याही अशाच बांधायचास आणि मग सुटत नाहीत म्हणून बुटांसकट झोपायचास. मला इतका आनंद झाला की कात्री आणायला आत गेले आणि चहा करून बाहेर आले, दोन कप. दुसरा कोणासाठी केला ते माझं मलाच कळेना. शेवटी तोही मीच प्यायले, आणि सुतळी दातानं सोडवली. दात अजून आहेत, काळजी नको.

माझं अक्षर तुला ठाऊक आहे. चौथीनंतर मी शाळेचं तोंड बघितलं नाही, तेव्हा वेलांट्या तुझ्या तू लावून घे. फोन करत नाही, कारण फोनवर तू दोनदा हं म्हणतोस आणि ठेवतोस. कागद बिचारा शेवटपर्यंत ऐकून घेतो.

पट्टा फार छान आहे. पिवळाधमक. पण त्याला दोन दोर आणि दोन आकडे का, ते मला समजेना. आपल्या टोळीच्या पट्ट्यांना एकच असतो. भिंगरीनं करून दाखवलं. एक आकडा अडकलेलाच ठेवायचा, दुसरा पुढे लावायचा, मग मागचा काढायचा. म्हणजे माणूस मोकळा असा कधी राहतच नाही. दाखवायला म्हणून तिनं आकडा कपाटाच्या मुठीत अडकवला आणि ते विसरून दाराकडे निघाली. कपाट अर्धा हात पुढे आलं, वरचे डबे खाली आले, आणि सूनबाई म्हणाली, "हिला आधी घरात चालायला शिकवा."

पट्टा तिला अगदी मापात बसला. म्हणजे पुतणीचं माप काकाला ठाऊक आहे. म्हणजे तुम्ही दोघं माझ्या नकळत बोलता. बोला की. मी रागावले नाही, उलट त्या आनंदात सूनबाईलाही मिठी मारली. तिला वाटलं माझं काही दुखतंय.

भिंगरी आता कामाला लागली आहे. ऑफिसात. खुर्चीत बसून काम.

बघ, काय लिहून बसले. तू पट्टा पाठवलास म्हणजे तुला ठाऊकच आहे, आणि मी लपवतेय. खोडत नाही, खोडलं की पान घाण दिसतं. ती टोळीत जाते. आपल्याच टोळीत, उंच इमारतींच्या काचा धुवायला, बापासारखी. तिचा बाप, आपला थोरला, गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या ज्या पाळण्यातून पडला त्याच पाळण्यात. मोटर तेवढी नवी आहे. सूनबाईला मी म्हटलं, अडव तिला. ती म्हणाली, "दारातून अडवलं तर खिडकीतून जाईल. उंचीची भीती तर तिला नाहीच." रोज सकाळी पोरीच्या कामाच्या कपड्यांना इस्त्री करते. पाण्यात भिजणारे कपडे, त्यांना इस्त्री.

तर पट्टा चांगला आहे. पण एक अडचण होणार आहे असं दिसतंय. ती पुढच्या पत्रात. पोस्टाची पेटी उघडायची वेळ झाली.

तुझी आई


गुरुवार, १४ तारीख

धाकट्या,

अडचण झाली. टोळीचे मुकादम घरी आले होते.

त्यांना आता थोडं कमी दिसतं, पण आवाज तोच आहे, जिन्यातूनच कळतं. येऊन बसले, पाणी प्यायले, फुलपात्र उपडं घातलं आणि म्हणाले, "वहिनी, पोरीला सांगा. बांधलेल्या अंगानं हात जोडते."

तुला तुझ्या बाबांचा नियम आठवतोच. पाळण्यात पाय ठेवला की आधी प्रार्थना, मग आकडा. प्रार्थना चालू असताना कोणी अडकवलेलं नसायचं. हे म्हणायचे, जनावराला दाव्याला बांधतात, देवापुढे माणसानं मोकळं उभं राहावं. थोरला जाईपर्यंत टोळीत कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, त्यामुळे नियमाला बोट कोण लावणार. खाली साहेब लोक येतात, पट्टे आहेत ना बघतात, सही करून जातात. वर गच्चीवर बघायला कोणी येत नाही.

भिंगरीनं पहिल्या दिवशीच आधी आकडा लावला, मग हात जोडले. मुकादम म्हणाले काढ. ही म्हणाली, दुसरा लावला की काढते. मग दुसरा लावला, पहिला काढला, आणि म्हणाली, "घ्या, काढला." तुझाच पट्टा. तुझीच पुतणी.

मुकादम मला म्हणाले, "गडी बोलतात वहिनी. म्हणतात हिचा भरवसा लोखंडावर, मग देवाला कशाला त्रास देते. एकानं बांधून प्रार्थना केली की बाकीच्यांच्या मनात भीती शिरते. भीतीनं पाय थरथरतो. मग काय होतं ते तुम्हाला सांगायला नको."

तेवढ्यात भिंगरी आतून आली. केस ओले, हातात कंगवा.

"मुकादमकाका, तुम्ही घरून निघताना दाराला कुलूप लावता का?"

"लावतो."

"मग देव राखण करत नाही का तुमच्या घराची?"

"माझ्या घरात चोरण्यासारखं आहे काय," मुकादम म्हणाले, आणि मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. मग एकदम गंभीर झाले. "पोरी, तुझा बाप माझ्यासमोर वाढला. त्यानं कधी असा हिशेब केला नाही."

"म्हणून मी करते," ती म्हणाली.

सूनबाई स्वयंपाकघरात उभी होती, तिनं नळ बंद केला.

मुकादमांनी जाताना सांगितलं, २६ तारखेला नवी इमारत सुरू होते आहे, ती काचेची, नदीकाठची. तिथे वारा फार. त्या दिवशी पोरगी सगळ्यांसारखी उभी राहिली तर राहील, नाहीतर पाळण्यातून खाली. "नियम तुमच्या घरचा आहे, वहिनी. मोडायचा तर तुम्ही मोडा. मी मोडणार नाही."

आता मला सांग, माझं काय कळतं यात. मला पाळणा म्हटलं की बाळाचाच आठवतो. पण ते गेल्यावर मी त्यांचं फुलपात्र घासायला घेतलं. थोरला गेला तेव्हा भेटायला आलेले लोक काय काय बोलले ते सगळं आठवलं. वरच्या मजल्यावरची म्हणाली होती, देवाला चांगली माणसं आधी हवी असतात. मी तिच्याकडे बघितलं. तेव्हाच तिनं ऐंशी ओलांडली होती. अजून आहे. कोणी म्हणालं, त्याची वेळ भरली होती. एक तर म्हणाला, श्रद्धेत कुठेतरी खोट राहिली असणार. थोरल्याच्या श्रद्धेत. चप्पल चोरीला गेली तर पाय राहिले म्हणून देवाचे आभार मानणारा माणूस तो.

तू मात्र सरळ विचारलंस. जो माणूस हात जोडून उभा होता त्यालाच पडू दिलं, मग तुमचा देव तेव्हा करत काय होता. ह्यांनी तुला दार दाखवलं. मी दोघांच्या मध्ये पाण्याचा तांब्या घेऊन उभी. पाणी कोणीच प्यायलं नाही. दार दाखवणारे आता भिंतीवर फोटोत आहेत, दार तिथेच आहे आणि ते दिवसभर उघडंच असतं. एवढंच लिहिते.

तुझी आई


शनिवार, २३ तारीख

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर, म्हणून आधी नुसतं हातात धरून बसले, वाचलंच नाही. मग वाचलं. एकच ओळ. "तिला वर जाऊ देऊ नकोस." अरे, आई कशी आहेस असं तरी वर लिहायचंस. जागा होती कार्डावर.

ती माझ्यानं थांबणार नाही. तुझ्यानंही नाही. कार्ड मी तिला दाखवलं. ती म्हणाली, "काकाला सांग, पट्टा पाठवायचा आणि वर जाऊ नको म्हणायचं, दोन्ही कसं." तरी कार्ड तिनं उशीखाली ठेवलंय, मी गादी झटकताना पाहिलं.

मी काल मुकादमांकडे गेले. सांगून गेले नाही. ते खाटेवर बसून दोराचा वळसा तपासत होते, बोटांनीच, डोळे दुसरीकडे. मी म्हटलं, भावजी, थोरला कसा पडला ते मला नीट सांगा. इतकी वर्षं सगळे मला वारा होता, एवढंच सांगतात. मी आई आहे, मला पुरं ऐकू द्या.

त्यांनी दोर खाटेवर ठेवला. मग सांगितलं. ते जसं सांगितलं तसंच लिहिते, कारण तुलाही यातलं निम्मंच ठाऊक आहे. तू तेव्हा गच्चीवर मोटरपाशी होतास, तुझी पाठ होती.

प्रार्थना चालू होती. वारा वाढला. पाळणा भिंतीपासून सुटून बाहेर गेला आणि परत आला. बाकीच्यांनी घाईनं शेवटची ओळ म्हटली आणि आकडे लावले. थोरला आपला सावकाश, एकेक शब्द. मुकादम त्याला म्हणाले, अरे आकडा लाव. त्यानं डोळे उघडले नाहीत. एक बोट वर केलं. थांबा, म्हणून. देवाशी बोलतोय, मधे तोडू नका, म्हणून. मुकादम थांबले. हात पुरेल एवढ्या अंतरावर होते ते, आणि थांबले. दुसरा झोत आला.

"मी त्याला धरायला हवं होतं, वहिनी," ते म्हणाले. "पण प्रार्थनेतल्या माणसाला हात कसा लावायचा."

मला त्यांचा राग आला नाही. आश्चर्य वाटलं माझं मलाच. मला एवढं कळलं की हा माणूस नियम का सोडत नाही. नियम चुकीचा ठरला तर त्यांना रोज ते बोट दिसेल, आणि आपला खाली राहिलेला हात. नियम बरोबर असेल तर मग देवाची मर्जी, माणसानं काय करायचं.

आणि धाकट्या, हे वाचून थोडं थांब. मी विचारलं, मोटरीला हिसका बसला होता का. ते म्हणाले, "मोटर बंद होती. धाकट्यानं तिला हात लावला नव्हता. वारा होता." शपथेवर म्हणाले. मी हे का विचारलं ते तुला कळेल. तू त्या दिवशी देवावर ओरडत होतास, पण आई आहे मी, मला तेव्हाही वाटलं होतं की ओरडणं थोडं दुसरीकडेही आहे. तू रात्रंदिवस हात धुवायचास. मला वाटायचं ग्रीस.

आता मंगळवारी २६. वर्तमानपत्रात वारा असेल म्हणून आलंय. सूनबाईनं सदऱ्याला इस्त्री करता करता कॉलर जाळली. तिच्या हातून असं कधी होत नाही.

तुझी आई


मंगळवार, २६ तारीख, सकाळ

धाकट्या,

थोडक्यात लिहिते. मला थोडक्यात येत नाही, पण खाली टोळीची गाडी उभी आहे.

मी जाते आहे. वर. मुकादमांना निरोप दिला, नियम आमच्या घरचा आहे तर आज प्रार्थना मी सांगणार. ते नाही म्हणू शकले नाहीत. सूनबाई म्हणाली, "तुम्हाला तीन पायऱ्या चढल्या की दम लागतो." मी म्हटलं लिफ्ट आहे. ती म्हणाली, "लिफ्टच्या पुढे लोखंडी जिना आहे." मग तिनं माझ्या चपला काढून घेतल्या आणि तिचे बूट माझ्या पायात घातले, आत कापूस भरून. खाली वाकून नाड्या बांधत होती तेव्हा तिचे हात गार होते. तिची पोरगी आज काचेच्या भिंतीवर लटकणार आणि ती माझ्या बुटांत कापूस भरत होती.

देवासमोर दिवा लावला. काय मागायचं ते सुचेना. पूर्वी सरळ मागायचे, माझ्या लेकरांना सांभाळ. आता म्हणायला गेलं की वाटतं, हे थोरल्यासाठीही म्हटलं होतं, अगदी याच शब्दांत. मग नुसती उभी राहिले. वात नीट केली.

हॉर्न वाजतोय. भिंगरी जिन्यात म्हणतेय, आजी, पत्र काय नंतर लिहिता येत नाही.

आई


बुधवार, २७ तारीख

धाकट्या,

सगळे सुखरूप आहेत. तुझी नजर आधी खाली पळेल म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. आता मला माझ्या पद्धतीनं सांगू दे, मधे पान उलटू नकोस.

लिफ्टमध्ये एक कोटवाली बाई होती. माझ्या पायातले बूट बघत होती. मी म्हटलं, काचा धुवायला चाललेय. ती पुढच्याच मजल्यावर उतरली. त्यानंतर लोखंडी जिना. तो मी बसत बसत चढले, मागून भिंगरी ढकलत होती. म्हणत होती, "आजी, तू भाकरी कमी खा." वर गेले आणि वारा तोंडावर आला. पदर उडून मागे उभ्या असलेल्या एकाच्या डोक्यावर बसला. नदी एवढीशी, सांडलेल्या पाण्यासारखी. मी खाली बघायचं नाही ठरवलं होतं. बघितलं.

मुकादम म्हणाले, वहिनी, तिकडे बसून सांगा. मी म्हटलं, बसायचं असतं तर घरी खुर्ची होती. मला पट्टा द्या. टोळीतला पट्टा माझ्याभोवती दोनदा फिरला. भिंगरीनं त्याचा आकडा गच्चीच्या लोखंडी कडीत लावला. खट् असा आवाज झाला. सगळ्या गड्यांनी तो ऐकला.

मग तिघं पाळण्यात उतरले. भिंगरी एका टोकाला, मध्ये एक उंच गडी, त्याला सगळे शिडी म्हणतात, आणि या टोकाला मुकादम, माझ्या अगदी समोर. भिंगरीचा एक आकडा लागलेला. शिडीनं माझ्या पट्ट्याकडे बघितलं, मुकादमांकडे बघितलं, आणि दुसरीकडे बघत बघत आपला आकडा लावून टाकला. मुकादमांनी डोळे मिटले, हात जोडले. त्यांचा आकडा मांडीपाशी लोंबत होता.

मी सुरू केलं. ह्यांचेच शब्द. वर नेतोस तसा खाली आण. हात दिलेस, हातांना काम दिलंस. माझा आवाज वाऱ्यात जात होता. आणि पाळणा हलला. भिंतीपासून सुटला, बाहेर गेला, फळ्या करकरल्या, परत आला. भिंगरी म्हणाली, "मुकादमकाका, आकडा."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. एक बोट वर केलं.

धाकट्या, ते बोट मी पाहिलं. थोरल्याचं मी पाहिलं नव्हतं, हे पाहिलं. माझी शेवटची ओळ राहिली होती, आमचा भार तुझ्यावर. ह्यांनी टोळी काढल्यापासून ती प्रार्थना कोणी मधे तोडलेली नाही. कोणाला उचकी लागली तरी उचकीसकट पूर्ण करायचे. मी तोडली. मी म्हटलं, "देवा, जरा थांब. यांचा आकडा राहिलाय."

मोठ्यानं म्हटलं. दुकानदाराला म्हणावं तसं.

मुकादमांनी डोळे उघडले. "वहिनी, प्रार्थना तुटली."

"तुटली नाही भावजी, थांबवलीय. तो थांबलाय, आपण वाट बघायला लावतोय. लावा लवकर."

त्यांनी आकडा धरला. हात असा थरथरत होता की दोरावर बसेना. दोनदा घसरला. मी गच्चीच्या कठड्याला धरून उभी, आणि मनात एकच, आता झोत येऊ नये, आता नको. भिंगरी शिडीच्या पाठीमागून सरकत आली, एक आकडा पुढे, एक मागे, अगदी कपाटापाशी दाखवलं होतं तशी. आणि तिनं तो लावला. खट्.

मग मी म्हटलं, "हं देवा. आमचा भार तुझ्यावर." सगळ्यांनी म्हटलं.

झोत आला तो त्यानंतर. पाळणा बाहेर गेला आणि काचेवर आपटला. मुकादमांचा पाय फळीवरून सुटला, ते कमरेतून बाहेर झुकले आणि दोर ताणला. तेवढंच. शिडीनं आणि भिंगरीनं ओढून घेतलं. गुडघा फुटला, टाके पडले. काम तिथेच थांबवलं.

खाली येईपर्यंत बातमी बदलली होती. जो तो म्हणत होता देवानं वाचवलं. पहारेकरी म्हणाला, चहावाला म्हणाला, जो वर आलाच नव्हता. मुकादम पायरीवर गुडघा धरून बसले होते. मी शेजारी बसले. ते हळूच म्हणाले, "वहिनी, मला वाचवलं त्यानं. मग त्याला का नाही? तो माझ्यापेक्षा हजारपट चांगला होता."

मी म्हटलं, मला माहीत नाही, भावजी.

खरंच माहीत नाही. काल संध्याकाळी देवापुढे आभार मानायला उभी राहिले आणि जीभ उचलेना. याला वाचवल्याचे आभार मानले तर थोरल्याचं काय म्हणून मानायचं. पूर्वी हे तू बोलायचास, मला पाप वाटायचं. आता माझ्याच तोंडात येऊन बसलं. देव भक्ताला पडू देत नाही, असं मी यापुढे कोणाला सांगणार नाही. वरच्या मजल्यावरचीला तर मुळीच नाही.

पण एक गोष्ट मी बघितली आणि ती तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. मी त्याला थांब म्हटलं आणि तो थांबला. रागावला नाही. वीज पडली नाही, आभाळ फाटलं नाही. मुकादमांचे हात थरथरत होते तेवढा वेळ थांबून राहिला, आणि मी हं म्हटल्यावर राहिलेली ओळ ऐकून घेतली. थोरल्याला वाटलं माणसं थांबतील, देव थांबणार नाही. त्याला कोणी उलटं सांगितलंच नाही. आम्हालाच ठाऊक नव्हतं. देव थांबला असता रे त्याच्यासाठी. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही, मला समजतं. पण माझ्याकडे आहे ते एवढंच.

आज सकाळी मुकादमांनी टोळीला बोलावलं आणि सांगितलं, उद्यापासून आधी आकडा. कारण विचाराल तर वहिनींना विचारा, म्हणाले. मग मला निरोप पाठवला की त्यांनाही तसलाच पिवळा पट्टा हवाय, दोन आकड्यांचा, पण हे पोरीला कळता कामा नये. पोरगी माझ्या खांद्यावरून हे वाचते आहे आणि हसून हसून खाली बसली आहे.

सोबत सुतळीचा तुकडा आहे. मुकादमांच्या पोटाभोवती फिरवून जिथे टोक आलं तिथे मी गाठ मारली आहे. सरळ गाठ, सुटेल अशी. पट्टा त्या मापाचा आण. पोस्टानं पाठवू नकोस, माप चुकलं तर परत कोण धाडणार. अंगावर घालून बघावं लागेल, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला जमत नाही. येताना बूट घालून ये. सूनबाईचे मी अजून परत केलेले नाहीत, नाड्या सुटत नाहीत.

तुझी आई